स्फुरद म्हणणाऱ्या तांडेलबाई

तांडेलबाईंशी वाद घालायचा तर उभं राहून घालावा लागे. वर्ग असो, स्टाफरूम असो की प्रिन्सिपॉलांची खोली, कुठेही मतभेद झाला की त्या खुर्ची मागे सरकवून उठत. उंची बेताची, अंगाने भरलेल्या, आवाज मात्र पडावावरून किनाऱ्याला हाक मारावी तसा. बसून नुसती कुरकुर होते, असं त्यांचं म्हणणं. समोरच्यालाही मग नाइलाजाने उठावं लागे. आमच्या कॉलेजातले निम्मे वाद त्यामुळेच लवकर मिटत. ज्येष्ठ मंडळींचे गुडघे साथ देत नसत.

कॉलेज दादरला, हिंदमाता टॉकीजच्या मागच्या बाजूला एका जुन्या इमारतीत होतं. मी तिथे रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा बाई विभागातल्या एकट्या महिला लेक्चरर होत्या. वरळीच्या कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी, आई मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरलेली. मंजुळा तांडेल एम.एस्सी. झाल्या तेव्हा कोळीवाड्यात वाजतगाजत मिरवणूक निघाली होती, असं त्यांची आईच मला सांगायची. बाई स्वतः ते कधी सांगत नसत. मिरवणूक काढणाऱ्यांनीच आधी पोरीला शाळेतून काढा म्हणून आईच्या मागे लकडा लावला होता, एवढं मात्र त्या आवर्जून सांगत.

बाईंच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी, बाई स्टाफरूममध्ये शिरताना, नाकाला रुमाल लावून कसला तरी वास येतोय असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तळलेल्या बोंबलांचा डबा आणला, टेबलाच्या मधोमध उघडून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "सर, हा बोंबील. हायड्रोजन सल्फाइडचा वास याहून वेगळा. केमिस्ट्रीच्या माणसाला दोन्ही ओळखता यायला हवेत." मग उभ्याउभ्याच जेवल्या. ते सर पुढे त्यांच्या डब्याचे नियमित भागीदार झाले, हे जाता जाता सांगायला हवं.

पण बाईंचं खरं भांडण वासाशी नव्हतं, भाषेशी होतं. शिकवणं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत असा तो काळ. बाई वर्गात यायच्या, विषयाचं नाव फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या, आणि तिथून पुढे मराठी. फॉस्फरस नाही, स्फुरद. सल्फर नाही, गंधक. त्यांचं साधं सूत्र होतं, परीक्षा इंग्रजीत द्या, समजून मराठीत घ्या. प्रिन्सिपॉलांनी दोनदा समज दिली. बाई दोन्ही वेळा उभ्या राहिल्या.

शेवटी संस्थेचे एक विश्वस्त वर्गावर येऊन बसले. त्या दिवशी विषय होता स्फुरद आणि गंधकाची संयुगं. बाईंनी पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि अस्खलित इंग्रजीत सुरुवात केली. मागच्या बाकावर बसून मी थक्क झाले, इतकं देखणं इंग्रजी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. अर्धा तास झाल्यावर बाईंनी विचारलं, एनी क्वेश्चन्स? एकही हात वर गेला नाही. विश्वस्त समाधानाने हसले.

मग बाईंनी खडू खाली ठेवला. टेबलाखालून एक पिशवी काढली. तिच्यात कोळ्यांच्या जाळ्याला लावतात ते लाकडी बोये होते, चार तांबडे रंगवलेले, बाकीचे पिवळे. तांबडे चार बोये काड्यांनी जोडून त्यांनी मनोरा केला, खाली तीन, वर एक. हे चार स्फुरद, म्हणाल्या. आता वरून खाली उतरणाऱ्या तीन काड्या काढा आणि प्रत्येकीच्या जागी एक गंधक बसवा. झालं पहिलं संयुग, चार स्फुरद, तीन गंधक. पिवळं, स्फटिकासारखं. थंड पाण्यात टाकलं तरी गप्प बसतं. पण कोरडं असताना घासलं की उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेला पेट घेतं. बुटाच्या टाचेवर ओढून पेटवायची काडी असते, तिच्या टोकाला हेच. पूर्वी त्या जागी पांढरं स्फुरद वापरायचे, आणि काड्यांच्या कारखान्यातल्या मुलींच्या जबड्याची हाडं सडून जायची. हे संयुग सापडलं तेव्हा त्या मुली वाचल्या.

मग त्या मनोऱ्यात आणखी गंधक घालत गेल्या. पाच, सात. प्रत्येक पायरीला स्फुरद-स्फुरदाचा धरलेला हात सुटत होता. शेवटी दहा गंधक झाले तेव्हा एकही स्फुरद दुसऱ्याला थेट चिकटलेलं उरलं नाही. याचा रंग फिकट पिवळा, कधी हिरवट, हे पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त तापमानाला वितळतं, बाई म्हणाल्या, आणि याला पाणी अजिबात सोसत नाही. हवेतल्या दमटपणानेही फुटतं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सोडतं.

तेव्हा मधल्या बाकावरून एक मुलगा उठला. दिनकर कांबळे, घोडपदेवच्या चाळीतला, आईवडील दोघंही गिरणीत. एरवी तोंड न उघडणारा. त्याने विचारलं, "बाई, तीन गंधकवालं पाण्यात गप्प, मग दहावालंच का फुटतं? गंधक वाढला म्हणून, की स्फुरदांचे हात सुटले म्हणून?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, याचं पूर्ण उत्तर मला माहीत नाही, आपण शोधू. आणि विश्वस्तांकडे वळून म्हणाल्या, "हा प्रश्न अर्ध्या तासापूर्वीही याच्या डोक्यात येऊ शकत होता. आला नाही. यापुढे मी कसं शिकवायचं ते तुम्ही सांगा."

विश्वस्तांनी काहीच सांगितलं नाही. बाईंनी ती परवानगीच समजली.

त्याच हिवाळ्यात मुंबई पेटली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या लोकांवर गोळ्या चालल्या. लालबाग, परळमध्ये घराघरातली माणसं रस्त्यावर होती. दिनकरचा चुलतभाऊ कामावरून घरी येत होता, जमावात सापडला आणि गोळी लागून गेला. धर्म, जात, भाषा कशाचीही विचारपूस न करता गोळी लागते, असं दिनकर नंतर मला म्हणाला होता.

कॉलेज पुन्हा उघडलं त्या दिवशी दुपारी तो आणि आणखी दोघं प्रयोगशाळेत आले. मी ब्यूरेट धूत होते. त्यांनी दार लोटून घेतलं. दिनकरने बाईंना सरळच सांगितलं, कपाटातलं ते पिवळं द्या, तीन गंधकवालं. नुसत्या घासण्याने पेटतं असं तुम्हीच शिकवलंत.

बाई उठल्या. कपाटाला कुलूप होतंच, तरी जाऊन त्यांनी ते ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही.

"पेटतं," त्या म्हणाल्या. "आणि कोणाच्या हातात पेटायचं हे ते विचारत नाही. तुझ्या आईच्या खोलीत पेटेल, चाळीच्या जिन्यात पेटेल. तुझा भाऊ रिकाम्या हाताने चालला होता, दिनकर. म्हणून आज मारणाऱ्यांना तोंड दाखवायला जागा नाही. त्यांना कारण मिळवून द्यायला निघालास?"

दिनकर म्हणाला, मग आम्ही काय करायचं, नुसतं मरायचं का. बाई म्हणाल्या, उद्या मोर्चा आहे, मनाई आहे, तरी निघणार आहे. मी येते. माझ्या शेजारून चाल.

आणि खरोखरच गेल्या. कोळीवाड्यातल्या पंधरावीस बायका घेऊन, पदर खोचून, दिनकरला एका बाजूला आणि त्याच्या आईला दुसऱ्या बाजूला घेऊन. परळ नाक्यावर अश्रुधूर सुटला तेव्हा बाईंनी सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या दिशेने वळवलं. रुमाल ओले करून डोळ्यांवर धरा, चोळू नका, असं ओरडत होत्या. मी तेव्हा गिरगावात घरी होते. हे मला दिनकरच्या आईने सांगितलं. आमच्या बाईंच्या आवाजापुढं पोलिसांचा भोंगा ऐकू येत नव्हता, हे तिचे शब्द.

ती मुलं प्रयोगशाळेत काय मागायला आली होती, याची कुणकुण कुणाला तरी लागली. एक पोलीस अधिकारी आला. बाईंनी त्याला कपाट उघडून दाखवलं, बाटली तराजूवर ठेवली, रतीभर कमी झालेलं नाही हे पटवून दिलं. मग त्याने मुलांची नावं विचारली. बाई म्हणाल्या, माझ्याकडे रोज मुलं येतात, प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते, त्यातलं एकही नाव तुम्हाला मिळणार नाही. तो म्हणाला, मग तुम्हालाच चौकीवर यावं लागेल. बाईंनी छत्री घेतली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला. चालतच जाऊ, वाटेत लोक विचारतील तेव्हा कशासाठी नेताय ते तुम्हीच सांगा." अधिकारी थोडा वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि एकटाच निघून गेला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रावण संपत आला होता. दिनकर एके सकाळी बाईंकडे आला आणि म्हणाला, चाळीत वास येतोय, कुजलेल्या अंड्यांचा. चाळीला लागून एका कंपनीचं गोदाम होतं, वंगणात मिसळायची औषधं बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्याचं. तळमजल्यावरच्या लोकांचं डोकं दुखत होतं, पोरांना उलट्या होत होत्या. गोदामाचा मॅनेजर म्हणत होता, गटार तुंबलंय, आमचा काय संबंध. पण दिनकरच्या आईची चांदीची जोडवी पायातल्या पायात काळी पडली होती, पितळेची घागर घासली तरी काळवंडत होती.

बाईंनी मला बरोबर घेतलं. प्रयोगशाळेत आम्ही कागदाच्या पट्ट्या शिशाच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून वाळवल्या. हा वायू लागला की त्या पट्ट्या काळ्या होतात. घोडपदेवला जाऊन बाईंनी त्या गटारापासून गोदामाच्या भिंतीपर्यंत ओळीने टांगल्या, आणि चाळीतल्या बायकांना तिथेच बसवून घेतलं. गटारावरच्या पट्ट्या जेमतेम पिवळसर झाल्या. भिंतीच्या फटीजवळच्या काळ्याकुट्ट. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या बायकाच मॅनेजरला बोलवायला गेल्या.

गोदामात पिंपं होती, दहा गंधकवाल्या पावडरीची. भरतीच्या वेळी गटारं उलटी वाहतात, ते पाणी आत शिरून पिंपांची बुडं गंजली होती. मॅनेजर चिडला, मग घाबरला, मग म्हणाला, एवढंच ना, आत्ता पाणी मारून जमीन धुऊन टाकतो. बाई म्हणाल्या, पाण्यानेच हे होतंय, पाणी घालू नका, कोरडी वाळू आणा, दारं-खिडक्या उघडा. त्याने ऐकलं नाही. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मागच्या दाराने हमाल पाण्याची नळी घेऊन आधीच आत गेले आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने एक हमाल बाहेर आला. वास गेला बाई, म्हणाला. आता आत काहीसुद्धा वास नाही.

बाईंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्या वळल्या आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, तळमजला रिकामा करा, वर जा, पोरं उचला. मला म्हणाल्या, वास गेला म्हणजे वायू गेला नाही, सुमती. फार झाला की आधी नाक मारतो. हमालाला विचारलं, आत कोण आहे? त्याचा जोडीदार होता. हाक मारली तर ओ येईना.

दिनकर आत धावला. बाईंनी त्याचा सदरा मागून धरून त्याला अक्षरशः खाली पाडलं. एकामागून एक शिराल आणि एकामागून एक पडाल, म्हणाल्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. जो खाली वाकेल तो उठणार नाही. पोरांकडून त्यांनी समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांच्या काचा दगडांनी फोडून घेतल्या. बैलगाडीवाल्याचा दोर मागवला. एक टोक स्वतःच्या छातीभोवती बांधलं, कोळ्यांची न सुटणारी गाठ मारून, आणि दुसरं दिनकरच्या हातात दिलं. शंभर आकडे मोज, मी बाहेर आले नाही तर ओढ, आत येऊ नकोस. मी म्हटलं, बाई, तुम्ही कशाला. त्या म्हणाल्या, "माझ्याइतका दम इथे कुणाचा टिकतो? लहानपणी जाळी सोडवायला पाण्याखाली मीच जायचे."

दिनकर मोठ्याने आकडे मोजत होता. चाळीतली सगळी माणसं जिन्यात, गॅलरीत उभी होती. बाई एकदा बाहेर आल्या, रिकाम्या हाताने. भिंतीला टेकून श्वास घेतला, पुन्हा आत गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी दोर स्वतःच्या अंगावरून काढून त्या माणसाच्या काखेत बांधला होता. दिनकरने आणि आणखी चौघांनी ओढला तेव्हा तो हमाल बाहेर आला, निळा पडलेला. त्याच्या मागून धडपडत बाई. त्यांचे डोळे लालभडक झाले होते आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या. हमाल इस्पितळात आठवडाभर होता. वाचला. कोरड्या वाळूचे ढीग आले, पिंपं वरून झाकून एकेक करून हलवली, आणि त्या गोदामात पुन्हा कधी तो माल आला नाही. चाळीतल्या बायकांनी तो येऊच दिला नाही.

कंपनीने कॉलेजकडे तक्रार केली. परवानगीशिवाय आवारात शिरल्या, काचा फोडल्या, जमाव गोळा केला. संस्थेतल्या कुणाचे तरी कंपनीशी संबंध असावेत, नक्की मला माहीत नाही. प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून समजावलं, दोन ओळींची दिलगिरी द्या, मी सगळं निभावून नेतो. बाई उभ्याच होत्या.

"सर, तो माणूस मेला असता तर दिलगिरी कोणी द्यायची होती, ते आधी ठरवा," त्या म्हणाल्या. "मग मी माझं बघते."

मग राजीनामा सुचवला गेला. बाईंनी तोही दिला नाही. काढायचं असेल तर काढा, पण मी गेले असं सांगता येणार नाही, काढलं असंच सांगावं लागेल. टर्म संपताना काढलं. शेवटच्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे तास घेतला, पुढच्या धड्यातली आकृती फळ्यावर काढून ठेवली आणि गेल्या. मी खूप रडले. त्या मला म्हणाल्या, डोळे पूस, उद्या प्रॅक्टिकल तुलाच घ्यायचंय.

घोडपदेवच्या चाळीने त्यांना व्यायामशाळेची खोली दिली. तिथे बाई संध्याकाळी शिकवायला लागल्या. गिरणीतून सुटलेली पोरं, कॉलेजात नापास झालेली पोरं, भायखळ्याच्या बाजारात भाजी विकून आलेल्या दोन बहिणी. दिनकर बी.एस्सी. झाला, पुढे एम.एस्सी.साठी त्याने स्फुरदाचीच संयुगं घेतली. त्याच्या त्या जुन्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याला मिळालं, आणि ते सांगायला तो आधी व्यायामशाळेत गेला.

राज्य झालं. मुंबई महाराष्ट्रात आली. दिव्यांची रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी मराठीतली शास्त्रीय परिभाषा ठरवण्यासाठी काही विद्वानांनी गिरगावात एक बैठक बोलावली. मीही होते, आणि कुणाला तरी सुचलं म्हणून बाईंनाही बोलावणं होतं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. अध्यक्षस्थानी मोठे भाषापंडित. एकेका संयुगाला त्यांनी संस्कृतातून घडवलेली नावं वाचून दाखवायला सुरुवात केली. दहा गंधकवाल्या संयुगाचं नाव इतकं लांब होतं की वाचताना त्यांनाच मधे श्वास घ्यावा लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका खुर्चीचा मागे सरकल्याचा आवाज आला.

बाई म्हणाल्या, हे नाव मला मान्य नाही. अध्यक्षांच्या कानावर अर्धवटच काही गेलं असावं, ते हसून म्हणाले, बाई, तुम्ही तर मराठीसाठी नोकरीवर पाणी सोडलंत असं ऐकतो, आणि आता मराठीलाच विरोध?

"मराठीला नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांनी या भाषेसाठी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्या पोरांना हा शब्द कळणार नाही. त्यांना पूर्वी इंग्रजीने बाहेर ठेवलं, आता तुम्ही मराठीने ठेवताय. मी तेव्हाही गप्प बसले नव्हते."

अध्यक्षांनी घसा साफ करून, बाईंच्या भावना समजतात, पण शास्त्राची एक प्रतिष्ठा असते वगैरे सुरू केलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, उभ्याने. मग मतदान झालं. विरोधात दोनच हात होते, एक त्यांचा आणि एक माझा. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, पिशवी उचलली आणि निघाल्या.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण त्या संध्याकाळी सभा संपल्यावर मी गॅलरीत आले तेव्हा खाली गल्लीत त्या मला दिसल्या. वाटेत कुणाशी तरी बोलत थांबल्या असाव्यात, आता ट्रामच्या रस्त्याकडे निघाल्या होत्या. गल्ली चिंचोळी, आणि मागून अध्यक्षांची मोटार येत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाजूला व्हायला जागा होती, बाई झाल्या नाहीत. हॉर्न पुन्हा वाजला. बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि गल्लीच्या मधोमध, आपल्या चालीने चालत राहिल्या. मोटार त्यांच्या मागून पावलापावलाने सरकत होती, पार हमरस्ता येईपर्यंत.